लाटसाहेबांच्या बागेतल्या सहा कोठड्या

१९०३च्या एप्रिलमध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनिपिग मरायला लागले. मुंबईत प्लेगचं हे सातवं वर्ष. माणसं मरत होती तिथे पिंजऱ्यातल्या जनावरांची चौकशी कोण करणार? पण ग्लेन लिस्टन नावाच्या लष्करी डॉक्टरने ती केली. गिनिपिग प्लेगनेच मेले होते. त्यांच्या केसांत पिसवा सापडल्या, आणि त्या उंदरांच्या अंगावरच्या होत्या.

त्याच महिन्यात लिस्टन शहरातल्या एका चाळीवर डोळा ठेवून होता. तिथे आधी उंदीर मेले. मग चार-पाच दिवसांत रहिवाशांना पिसवांनी इतकं हैराण केलं की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागले. त्यानंतर आठवडाभरात पहिला माणूस तापाने पडला. लिस्टनने माणसांच्या अंगावरच्या तीस पिसवा पकडल्या. त्यांतल्या चौदा उंदरांच्या निघाल्या. एरवी त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. उंदीर थंड पडला, खायला दुसरं कुणी उरलं नाही, की मगच त्या माणसाकडे वळतात.

लिस्टन ज्या प्रयोगशाळेचा माणूस होता, ती परळच्या एका जुन्या वाड्यात होती. या शोधाच्या निम्म्या गोष्टीत तो वाडाच आहे.

इथे कधीकाळी परळी वैजनाथाचं देऊळ होतं आणि त्यावरूनच परळ हे नाव पडलं, असं जुने परळकर सांगतात. कागदावर पहिले मालक दिसतात ते जेझुइट पाद्री. १६७०च्या दशकात मुंबईला आलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टरने परळला जेझुइटांचं चर्च आणि मोठी जमीन असल्याची नोंद केली आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने ती मालमत्ता जप्त केली. जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा पाद्र्यांनी त्याला आतून मदत केली, असा ठपका होता. तो खरा की सोयीचा, हे ठरवणं अवघड आहे. सात बेटांतली उत्तम जमीन दुसऱ्याकडे असणं कंपनीला आवडत नव्हतं, एवढं मात्र नक्की. प्रार्थनामंदिराचं पुढे भोजनगृह झालं आणि त्याच्यावर नाचाचा दिवाणखाना चढला.

१७७०च्या दशकात विल्यम हॉर्नबीपासून गव्हर्नर इथे राहायला लागले. मधल्या काळात जोनाथन डंकन या गव्हर्नराने बंगला सर जेम्स मॅकिन्टॉश या न्यायाधीशाला राहायला दिला, आणि २६ नोव्हेंबर १८०४ रोजी मॅकिन्टॉशने इथेच काही मंडळींना जमवून लिटररी सोसायटी स्थापन केली. तीच पुढची एशियाटिक सोसायटी. तिच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारणाऱ्यांना आपल्या संस्थेचा जन्म परळचा आहे हे क्वचितच ठाऊक असतं. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने इमारत वाढवली. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स इथेच उतरले होते.

मग परळ बदललं. शेतं आणि वाड्या गेल्या, गिरण्या आल्या, धूर आला, दलदल होतीच. १८८२मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या. लाटसाहेबांनी आपलं बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलवलं आणि एवढा मोठा वाडा ओस पडला. मुंबईत पटकी नवीन नव्हती, परळच्या वस्तीत ती दरवर्षी माणसं उचलत होती. घर सोडण्याइतकी ती गंभीर कधी ठरली, हे सांगायची गरज नाही.

रोगाने रिकामं केलेल्या या घरात नंतर राहायला आलं ते रोगाशी झुंजणारं माणूस. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, आणि १८९३ साली भारतात आले ते कॉलऱ्याचीच लस घेऊन. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि सरकारने हाफकिनना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्यांनी बकऱ्याच्या मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. गोमांसाचा रस्सा लोकांना चालणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्यांना धरून खाली पारंब्यांसारखे लोंबत वाढतात, हे त्यांचं निरीक्षण. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे आणि लस भरायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली. मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडत गेली. काही काळ आगाखानांनी आपला खुश्रू लॉज दिला, आणि अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. जिथे मेजवान्या झडल्या, तिथे रश्शाच्या चंबूंच्या ओळी लागल्या.

लस होती, पण प्लेग पसरतो कसा हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सरकार तर सगळं माहीत असल्यासारखं वागत होतं. प्लेग होतो तो माणूस रोग्याला शिवतो म्हणून, घाणेरड्या हवेत राहतो म्हणून, जमिनीतून विष येतं म्हणून. म्हणून घरात घुसा, रोग्याला उचला, जमिनी उकरा, कौलं उतरवा, सामान जाळा, भिंतींवर कार्बोलिकचे फवारे मारा. मुंबईत दारांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवली जात, म्हणजे घर राहण्याला अयोग्य. पुण्यात याच झडत्यांचा शेवट जून १८९७मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. त्याआधी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. आणि एवढ्या धुमाकुळाचा उपयोग? एका घरात फवारे मारले की तिथले उंदीर शेजारच्या घरात पळत.

उत्तर खरं तर १८९८च्या जूनमध्येच कराचीत सापडलं होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसकट आजारी उंदीर ठेवला, वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होत नव्हता. वरचाही प्लेगने मेला. सिमाँने हे छापलं आणि जाणकारांनी उडवून लावलं. युरोपातली उंदराची पिसू माणसाला सहसा चावत नाही, मग हिंदुस्थानातली कशी चावेल, असा त्यांचा सवाल होता. हिंदुस्थानात पिसूची जातच वेगळी आहे, हे बघायचं कुणाला सुचलं नाही. ते लिस्टनने बघितलं.

परळच्या वाड्यावर तोवर मोठं संकट कोसळलं होतं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली, आणि त्यांतल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने बोट दाखवलं ते परळकडे: लस तिथेच दूषित झाली असणार. हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही साक्ष कागदपत्रांतच होती. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांनी कुणालाही काही झालं नाही, हेही होतं. तरी रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांना १९०७पर्यंत वृत्तपत्रांतून भांडावं लागलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले.

हाफकिन नसलेल्या त्या वाड्यात १९०५ साली प्लेग कमिशन उतरलं. लंडनच्या लिस्टर संस्थेचे चार्ल्स मार्टिन, लिस्टन, जॉर्ज लॅम, पेट्री, रोलंड हे साहेब, आणि केशव पै, अवारी यांच्यासारखे देशी सहायक, ज्यांची नावं अहवालांत बारीक अक्षरांत येतात. शहरभरातून मेलेले-धरलेले उंदीर कुठे सापडले त्याच्या चिठ्ठ्यांसह परळला येऊ लागले. वर्षभरात लाखाहून अधिक उंदीर कापून बघितले. या कामाचा वास त्या नाचाच्या दिवाणखान्यापर्यंत जात असणारच.

या ढिगातून एक क्रम उभा राहिला. आधी गटारातले मोठे उंदीर मरतात. सुमारे दहा दिवसांनी घरातले उंदीर. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं.

पण क्रम म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी कमिशनने लाटसाहेबांच्या बागेत छोट्या कोठड्या बांधल्या. सुरुवातीला सहा. छपरं मुद्दाम वेगळी: कुठे नळीची सैल कौलं, कुठे घट्ट बसणारी मंगलोरी कौलं, कुठे पत्रा. मुंबईची चाळच जणू बागेत आणून ठेवली. आजारी आणि निरोगी गिनिपिग एकत्र सोडले. पिसवा होत्या तिथे निरोगीही मेले. पिसवा काढून टाकल्या तेव्हा तेच गिनिपिग एकमेकांना चिकटून राहिले, एकाच घाणीत लोळले, एकाच ताटलीत खाल्लं, प्लेगने आजारी आईचं दूध प्यायले, तरी जगले. मग गिनिपिग टांगून बघितले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले मेले, दोन फुटांवरचे वाचले. हवा तर तीच होती. माकडांचे पिंजरे ठेवले आणि एकाभोवती सहा इंच रुंद चिकट कागदाचा पट्टा पसरला. पिसूची उडी तेवढी जात नाही. पट्ट्याआडचं माकड वाचलं, कागदावर पिसवा चिकटलेल्या मिळाल्या.

रोग्याचा स्पर्श, श्वास, कपडे, जात, वस्तीची ‘घाण’ यांच्यावर दहा वर्षं खटला चालला होता. गाठीच्या प्लेगपुरते ते सगळे सुटले. गुन्हा कौलांच्या फटीत, उंदराच्या बिळात आणि अडीच मिलिमीटरच्या एका किड्यात होता. घराची झडती घेणं चूक नव्हतं. चूक ही की सरकार घरात उंदरांऐवजी माणसं शोधत होतं. १९०६पासून हे अहवाल केंब्रिजच्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये छापून येऊ लागले. पिसूच्या पोटातच जंतूंचा बोळा बसतो आणि म्हणून ती उपाशी राहून चावत सुटते, हा शेवटचा दुवा १९१४ साली बॅकट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये जोडला.

हाफकिन निर्दोष सुटून परतले, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. १९२५मध्ये प्रयोगशाळेचे संचालक मॅकी यांनी पुढाकार घेतला आणि परळच्या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते युरोपात होते. पुढे साहिब सिंग सोखी पहिले भारतीय संचालक झाले, आणि आज आचार्य दोंदे मार्गावरची ही वास्तू महाराष्ट्र सरकारची आहे. जेझुइटांनी, गव्हर्नरांनी तिथे पिढ्या काढल्या. ज्यांच्या नावाने ते घर मुंबईला माहीत आहे, त्यांना तिथे जेमतेम चार-पाच वर्षं मिळाली, आणि त्यांतली शेवटची आरोपीच्या पिंजऱ्यात गेली.