हातातले एक्के टाकताना

बावन्न पानांच्या जोडातून कोणतीही दोन पाने हाती येण्याचे एकंदर १३२६ प्रकार संभवतात आणि त्यांपैकी अवघ्या सहा प्रकारांत ती दोन्ही पाने एक्क्यांची असतात; म्हणजे पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात, जेथे प्रत्येक खेळाडूस आरंभी दोनच मिटलेली पाने मिळतात, एक्क्यांच्या जोडीचे दर्शन सरासरीने २२१ डावांतून एकदा घडावयाचे. नऊ-दहा जणांच्या टेबलावर तासाला साधारण तीस डाव वाटून होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे सात-साडेसात तास तिष्ठत बसल्यावर येणाऱ्या या योगाकडे खेळाडू कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना वाचकांस सहज यावी. अशी पाने आपण होऊन खाली ठेवावयाची म्हणजे लक्ष्मी टिळा लावावयास आली असता तोंड धुवावयास जाण्यासारखेच त्याला वाटते. आणि तरीही ती केव्हा खाली ठेवावी हे ज्याला कळले त्यालाच या खेळातील जाणते लोक खेळाडू म्हणतात.

खेळाचा क्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. मिटलेली पाने वाटून झाली की पैजेची एक फेरी होते. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांच्या सामाईक मालकीची तीन पाने उघडी मांडतात, त्यांस ‘फ्लॉप’ म्हणतात. त्यानंतर चौथे आणि शेवटी पाचवे पान उघडते, दर टप्प्यास पैज लागते, आणि अखेरीस सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच श्रेष्ठ ठरेल तो मध्ये जमलेली सारी रक्कम, म्हणजे ‘पॉट’, उचलतो. मधल्या कोणत्याही टप्प्यावर पाने पालथी टाकून डावातून अंग काढून घेण्याची मुभा सर्वांस असते. तिलाच ‘फोल्ड’ असे नाव आहे. आपल्याकडे दिवाळीच्या रात्री तीन पत्तीच्या बैठकीत ‘मी पॅक’ म्हणून जो मागे सरकतो तो हेच करीत असतो. परंतु तीन पत्तीत वाटलेली पाने अखेरपर्यंत तीनच राहतात, तर होल्डेममध्ये नव्या उघडणाऱ्या प्रत्येक पानासरशी पहिल्या दोन पानांची किंमत पालटते, आणि आमच्या विषयाची सगळी खुमारी त्या पालटण्यात आहे.

किंमत हा पानांचा अंगभूत गुण आहे, ही येथील पहिली भ्रांती. एक्क्यांची जोडी एकाच अज्ञात प्रतिस्पर्ध्यासमोर ठेवून पाचही पाने उघडू दिली, तर शंभरांत सुमारे ८५ वेळा ती जिंकते. प्रतिस्पर्धी चार झाले की हा आकडा ५६ वर येतो, आणि नऊच्या नऊ जण शेवटपर्यंत टिकून राहिले तर ३१ पर्यंत घसरतो. पानांत तिळमात्र फरक पडलेला नाही; पडला आहे तो भोवतालच्या मंडळींत. अर्थात दहा जणांत प्रत्येकाचा न्याय्य वाटा शेकडा दहाचा, त्या मानाने ३१ म्हणजे तिप्पट. सबब फ्लॉपपूर्वी एक्के सहसा कोणी टाकीत नाही आणि टाकूही नयेत. परंतु फ्लॉपवर राजा, सत्ती आणि दुर्री उघडली, आणि समोरच्या गृहस्थाच्या हाती सत्त्यांची जोडी निघून त्याच्या तीन सत्त्या जमल्या, की हेच एक्के शंभरांत दहा वेळाही जिंकत नाहीत. कारण न दिसलेल्या पानांत त्यांच्या उपयोगी पडणारी अशी जवळजवळ दोनच पाने उरतात, ती म्हणजे राहिलेले दोन एक्के.

समोरच्याच्या मिटलेल्या पानांत काय आहे, हे कळावे कसे? महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बिभीतक वृक्षाची पाने व फळे अजमावून त्यांची संख्या सांगतो, नल ती मोजून पाहतो तो बरोबर निघते, आणि मग तोच राजा नलास द्यूताचे रहस्य शिकवितो. दृश्यावरून अदृश्याचे अनुमान करणे आणि द्यूतात निपुण असणे ही एकाच विद्येची अंगे आहेत, हे त्या कथाकाराने जाणले होते असे मला नेहमी वाटते. अनुमानाच्या या रीतीला गणिती सूत्राचे रूप दिले ते टॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाने, आणि त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता एक प्रत्यक्ष दाखला घेऊ. तुमच्या हाती राजांची जोडी आहे. पॉटमध्ये २०० चिप्स आहेत, फ्लॉप अद्याप उघडावयाचा आहे, आणि समोरचा आपल्या जवळच्या १००० चिप्स एकदम पुढे सारतो. तुम्ही १००० घालाल तर एकूण ढीग २२०० चा होईल. तेव्हा जिंकण्याची शक्यता शेकडा साडेपंचेचाळीसच्या वर असेल तरच हा सौदा परवडला. आता समोरचा मनुष्य इतका सावध आहे असे समजा की, एक्के किंवा राजे यांवाचून तो एवढी रक्कम कधीच लावीत नाही. एक्क्यांच्या जोडीचे सहा प्रकार आहेत. राजांचा मात्र एकच, कारण दोन राजे तुमच्याच मुठीत आहेत. म्हणजे सातांत सहा वेळा तो एक्के घेऊन बसलेला आहे, आणि एक्क्यांसमोर राजे शंभरांत अठराच्या आसपास जिंकतात. एकूण हिशेब केला तर तुमच्या पदरी शेकडा तेवीसही येत नाहीत. राजे मुकाट्याने खाली ठेवावे. परंतु तोच मनुष्य जर राण्यांच्या जोडीवर, आणि एक्का-राजा अशा पानांवरही सर्वस्व लावणारा असेल, तर राण्यांचे सहा व एक्का-राजाचे आठ प्रकार मिळून एकंदर २१ होतात, त्यांत एक्के अवघे सहाच, आणि तुमची शक्यता शेकडा ५७ च्या घरात जाते; मग पाने टाकणे हा भेकडपणा होय. पाने तीच, पैज तीच, पॉट तोच. फैसला उलटा, आणि तोही केवळ समोरच्याच्या स्वभावाविषयी तुमच्याजवळ असलेल्या माहितीवरून!

तथापि पाने टाकण्याचाच नेम धरावा असेही नाही. पॉटमध्ये १०० असता जो १०० ची थाप मारतो, त्याची थाप दोनांतून एकदा जरी पचली तरी तो तोट्यात जात नाही. तेव्हा जो निम्म्याहून अधिक वेळा घाबरून पाने टाकतो, त्याला कोणीही रिकाम्या हाताने लुटावे. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ च्या आपल्या प्रबंधात ज्या ‘खेळाच्या सिद्धांता’चा पाया घातला, त्यात थापेला लबाडीचा डाग न राहता आवश्यक गणिती व्यवहाराचे स्थान मिळाले.

खुद्द एक्केच फ्लॉपपूर्वी टाकणे योग्य ठरावे, असाही एक विरळा प्रसंग आहे. ‘सॅटेलाइट’ नावाच्या स्पर्धांत रोख बक्षिसाऐवजी मोठ्या स्पर्धेची प्रवेशपत्रे मिळतात आणि पहिला काय, दहावा काय, सर्वांचे प्रवेशपत्र सारखेच असते. प्रवेशपत्रे दहा, खेळाडू उरले अकरा; तुमच्याजवळ चिप्सचा दुसऱ्या क्रमांकाचा ढीग आहे, आणि तिघे-चौघे पुढच्या फेरीत गारद होण्याच्या बेतात आहेत. अशा वेळी पहिल्या क्रमांकाचा धनी सर्वस्व लावतो आणि तुम्ही पाहता तो हातात एक्के! शंभरांत सुमारे ८५ वेळा तुम्ही जिंकाल, पण त्या जिंकण्याने जे प्रवेशपत्र तुमच्या खिशात आल्यासारखेच होते त्याहून तसूभर अधिक काही मिळावयाचे नाही. उरलेल्या पंधरा वेळा मात्र हातचे जाईल. खेळाडूस हे गणित समजते आणि तरीही त्याचा हात पाने टाकावयास उठत नाही.

तो का उठत नाही, याचे उत्तर गणितापेक्षा मानसशास्त्राकडे मागावे. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा, की ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घ्यावयास आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीस व काहींना, कसलाही भेद न पाहता, सवलतीने ती देण्यात आली. नाटके तीच, खुर्च्याही तशाच, परंतु हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणारे अधिक वेळा हजर राहिले. जो खर्च परत येणार नाही तो पुढच्या निर्णयाच्या जमाखर्चात धरू नये, हे आपण सर्वजण जाणतो आणि सर्वजण धरतो. एक्केवाल्याने चिप्सच्या जोडीस सात तासांची प्रतीक्षाही मोजलेली असते.

यंत्राला ही प्रतीक्षा ठाऊक नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘सिफियस’ने २०१५ मध्ये, दोघांत आणि ठराविक पैजेने खेळावयाचा होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडविला, आणि २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ने पिट्सबर्ग येथे वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार धंदेवाईक खेळाडूंवर सतरा लाख डॉलरांहून अधिक किमतीच्या चिप्सची आघाडी घेतली. या दोहोंच्या मुळाशी असलेल्या पद्धतीचे नाव मोठे काव्यमय आहे: घडले नाही त्याविषयीच्या पश्चात्तापाचे न्यूनीकरण. यंत्र स्वतःशीच अब्जावधी डाव खेळते आणि प्रत्येक वळणावर मागे जाऊन विचारते, येथे पाने टाकली नसती तर काय झाले असते, टाकली असती तर काय. त्या चुकांची खतावणी ठेवीत ठेवीत त्याची चाल सुधारत जाते. दोन्ही बाजूंची पाने त्याला दिसत असल्यामुळे हे साधते.

मनुष्यास ही सोय नाही. जो पैज स्वीकारून अखेरपर्यंत राहिला त्याला आपली चूक टेबलावर उघडी दिसते. ज्याने राजांची जोडी टाकली त्याला, समोर खरोखरच एक्के होते की नुसतीच थाप, हे बहुधा कधीच कळत नाही. टाकलेली पाने पालथीच डीलरकडे सरकवावयाची असतात, आणि डाव संपला की ती उरलेल्या पानांत मिसळून पुन्हा पिसली जातात.