पंपाच्या जुन्या स्टोव्हमध्ये रॉकेलऐवजी काय चालेल?

रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून पितळी स्टोव्ह जपणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच.

आधी यंत्रणा बघू. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टच्या प्रायमसला (१८९२) वात नाही. स्पिरिटने बर्नर तापवायचा, पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून येऊन निळी जळते. अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतही प्रायमसच होता.

आता पर्याय:

🔸 पेट्रोल : अजिबात नको! असा स्टोव्ह हवा सोडून विझवतात. टाकीत पेट्रोल असेल, तर त्या हवेबरोबर त्याची वाफ ज्योतीशेजारीच बाहेर पडते. स्विया १२३ सारखे पेट्रोलचे स्टोव्ह वेगळे. त्यांना ज्योत बंद करायची चावी असते.

🔸 डिझेल : पेटतं, पण बर्नर जास्त तापवावा लागतो. काजळी धरते, निपल तुंबतो. पिन हाताशी हवीच.

🔸 खाद्यतेल : नको. वाफ होण्याआधीच नळीत चिकट थर जमतो.

🔸 स्पिरिट : फक्त तापवण्यापुरतं. उष्णता रॉकेलच्या साधारण साठ टक्केच.

🔸 दिव्याचं पॅराफिन तेल : सर्वांत जवळचा पर्याय. बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या आणि बर्नर थोडा जास्त तापवा.

स्टोव्हच्या भागांत बदल करायचाच, तर टोपणाचा कडक झालेला वायसर काढून व्हायटॉन रबराचा बसवा. पंपाचं चामडं मात्र फेकू नका, तेलात भिजवलं की बहुधा पुन्हा दाब धरतं.

प्रयोग उघड्यावर करा. टाकी पाऊणच भरा.

तुमच्याकडे कोणता स्टोव्ह आहे? फोटो टाका!