४५४ विरुद्ध २ : त्या दोन मतांचा हिशेब

आठवीच्या वर्गात 'भारताची संसद' हा धडा चालू होता. विधेयकाचा कायदा कसा होतो, हे आम्ही फळ्यावर पायऱ्या काढून समजावत होतो. उदाहरण म्हणून महिला आरक्षणाचे विधेयक घेतले. लोकसभेत बाजूने ४५४ मते पडली आणि विरोधात फक्त दोन, हे आकडे लिहिले. ते दोन खासदार कोण, असे एका मुलाने विचारले. आम्ही नावे सांगितली. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपलेच दोघे मुलींच्या विरोधात होते का?"

तास संपला, पण प्रश्न आमच्यासोबत घरी आला. 'हो' म्हणून तो मिटत नाही आणि 'नाही' म्हणूनही मिटत नाही. आपल्या घरांमध्ये राजकारणाची चर्चा पुष्कळ होते. कोण कुठे काय बोलले, कोणी कोणाला कसे उत्तर दिले, याच्या चित्रफिती रात्री जेवणानंतर सगळे मिळून पाहतात. पण ज्याला आपण मत दिले, त्याने सभागृहात आपले मत कुठे टाकले, हे किती घरांत ठाऊक असते? म्हणून त्या मुलीच्या निमित्ताने आम्ही हा हिशेब मांडायचे ठरवले.

घटना अशी. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक मताला आले. लोकसभा आणि विधानसभांमधील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची त्यात तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीच राखीव असलेल्या जागांमध्येही एक तृतीयांश जागा त्या समाजांच्या महिलांना मिळतील. विरोधात मत देणारे दोघेही एमआयएमचे होते: हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे इम्तियाज जलील.

जलील यांची ओळख महाराष्ट्राला नवी नाही. पत्रकारितेतून ते राजकारणात आले. २०१४ मध्ये औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेवर गेले. ती जागा त्यांनी साडेचार हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकली. २००४ मध्ये कुलाब्यातून निवडून आलेल्या बॅ. अ. र. अंतुले यांच्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ते पहिले मुस्लिम खासदार. त्यामुळे ते एका मतदारसंघाचे खासदार असले, तरी राज्यभरातल्या अनेक मुस्लिम घरांना ते आपलेच वाटत होते. म्हणून त्यांच्या मताचा हिशेबही सगळ्यांचाच.

आता त्यांचे म्हणणे ऐकू. महिलांना आरक्षण नको, असे एमआयएमचे म्हणणे नव्हते. त्यांची हरकत अशी होती की, या आरक्षणात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही. तो नसेल, तर राखीव जागांवर आधीच पुढे असलेल्या घरांतल्या महिलाच निवडून येतील आणि मागे राहिलेल्या मागेच राहतील. कायद्यात जे आहे त्याला नव्हे, तर जे राहून गेले आहे त्याला हा विरोध होता.

या हरकतीत तथ्य आहे का? आपल्याच राज्यात पाहा. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यापर्यंत नेल्या. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ओबीसींसाठीही जागा राखीव असतात आणि त्यातल्याही निम्म्या महिलांच्या. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. या दोन गोष्टी जुळल्या आणि ज्या घरांतल्या बायका कधी पंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या घरांतून ग्रामपंचायत सदस्य आणि नगरसेविका निघाल्या. मालेगावसारख्या शहरात मुस्लिम महिला महापौरपदापर्यंत पोहोचली. आरक्षणात आरक्षण दिले की दार किती उघडते, याचा पुरावा आपल्या गल्लीतच आहे. लोकसभा आणि विधानसभांमध्ये मात्र ओबीसींसाठी राखीव जागाच नाहीत. म्हणून तिथे हा मार्ग मिळत नाही.

दुसरी बाजूही तेवढ्याच नीटपणे ऐकली पाहिजे. धर्माच्या आधारावर मतदारसंघ राखीव ठेवण्याची कल्पना आपल्या संविधानकर्त्यांनी विचार करून सोडून दिली. संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी स्वतः अशा जागांना विरोध केला होता. अल्पसंख्याकांनी वेगळे कुंपण घालून घेऊ नये, बहुसंख्याकांच्या सोबतीने उभे राहावे, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय अनेकांना वाटते की, आधी दार तर उघडू द्या, आत जागेची वाटणी नंतर करता येईल. १९९६ पासून हे विधेयक पुन्हा पुन्हा येऊन रखडत होते. 'वाट्यात वाटा' हवा या वादात त्याची वर्षे गेली आणि तोवर कोणत्याच समाजाच्या महिलांना काही मिळाले नाही.

इथे लक्षात घ्यायची खरी गोष्ट वेगळीच आहे. ओबीसी महिलांचा वाटा कुठे आहे, ही तक्रार एकट्या एमआयएमची नव्हती. काँग्रेसतर्फे सोनिया गांधी यांनी त्याच दिवशी लोकसभेत ही मागणी केली. समाजवादी पक्षाची तर ती जुनीच मागणी. पण या पक्षांनी तक्रार नोंदवून विधेयकाच्या बाजूने मत दिले, तर एमआयएमने तक्रार नोंदवून विरोधात. भाषणे ऐकली तर सगळे जवळजवळ सारखेच बोलत होते. फरक पडला तो मतदानात. नुसती भाषणे ऐकून लोकप्रतिनिधी कळत नाही, तो यामुळे.

मग नुसते मत पाहून तो कळतो का? तसेही नाही. मत वाचायचीही एक रीत आहे, आणि ती घरातल्या प्रत्येक मतदाराने शिकून घ्यावी असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट: बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. बाजूचे 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात आणि अध्यक्ष निर्णय देतात. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद राहत नाही. तिहेरी तलाकचे पहिले विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेत असेच मंजूर झाले. सदस्यांनी मागणी केली तर मतविभागणी होते आणि मगच मते मोजली जातात. घटनादुरुस्तीला मात्र मतविभागणी लागतेच, कारण सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत, अशी अट असते. म्हणूनच ४५४ आणि २ हे आकडे आपल्यापर्यंत आले.

दुसरी गोष्ट: 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्येही वाटा आहेत. सदस्य तटस्थ राहू शकतो, सभात्याग करू शकतो किंवा त्या दिवशी यायचेच टाळू शकतो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले, तेव्हा शिवसेनेने बाजूने मत दिले. दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच शिवसेनेने मतदानात भाग घेतला नाही. भाषणात कितीही कडक टीका झाली असली, तरी मोजणीच्या वेळी रिकाम्या खुर्चीचे मत शून्यच धरले जाते. आपल्या खासदाराचा पक्ष कोणताही असो, 'त्यांनी विरोध केला' असे कोणी सांगितले तर विचारावे: विरोधात मत दिले की उठून गेले?

तिसरी गोष्ट: पक्षादेश, म्हणजे व्हिप. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाने काढलेला आदेश मोडून मत दिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे मोठ्या पक्षातल्या खासदाराचे मत बहुतेक वेळा त्याच्या पक्षाचे मत असते. एखाद्या मुस्लिम खासदाराने समाजाच्या भावनेविरुद्ध बटण दाबले, तर त्याला शिव्या देण्याआधी हे ध्यानात असावे. त्याला माफ करा, असे आम्ही म्हणत नाही. जाब त्याच्याबरोबर त्याच्या पक्षालाही विचारा, एवढेच. दोन खासदारांच्या पक्षाचे गणित उलटे असते. त्याला मोकळेपणाने 'नाही' म्हणता येते, कारण त्या 'नाही'ने निकाल बदलणार नसतो. हे त्या मताचे बळ आहे आणि तीच त्याची मर्यादाही.

चौथी गोष्ट: एका मतावरून माणूस ठरवू नये. तसबीहचा एक मणी पाहून मोजणी कळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ अशी मंजूर झाली. त्या तिघांत ओवेसी होते आणि इतर दोघे मुस्लिम लीगचे. जलील तेव्हा खासदार नव्हते. पण पक्षाची दिशा तीच दिसते: सामाजिक मागासलेपण वगळून दिलेले आरक्षण मान्य नाही. जलील यांनी महाराष्ट्रात मुस्लिमांच्या पाच टक्के आरक्षणासाठी आंदोलन केले. २०१४ मध्ये अध्यादेशाने ते आरक्षण आले होते. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू ठेवले, तरी पुढे सरकारने त्याचा कायदा केला नाही. ही सगळी ओळ समोर ठेवली तर २०२३ चे मत लहरीत दिलेले वाटत नाही. ते पटो वा न पटो, पूर्वीच्या भूमिकेशी ते जुळते.

मग त्या मुलीला काय सांगायचे? आमचे उत्तर असे आहे. तक्रार खरी होती. त्यासाठी विरोधात मत देणे योग्य होते की नाही, यावर आमच्याच घरात दोन मते आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. मुस्लिम किंवा ओबीसी महिलेला उमेदवारी द्यायला कोणत्याही पक्षाला कायद्याची गरज नसते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील कैरानामधून इक्रा हसन निवडून आल्या, त्या कोणत्याही राखीव जागेवरून नव्हे. त्यांच्या पक्षाने तिकीट दिले आणि लोकांनी मते दिली. तेव्हा जो पक्ष सभागृहात 'आमच्या बहिणींचा वाटा कुठे?' असे विचारतो, मग त्याने मत बाजूने दिलेले असो की विरोधात, त्याला आपणही विचारावे: तुमच्या उमेदवारांच्या यादीत त्यांचा वाटा कुठे? संसदेतल्या मताची खरी परीक्षा तिकीटवाटपाच्या दिवशी होते. आणि ही परीक्षा सगळ्यांनाच सारखी. महिला आरक्षण नव्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेवर अवलंबून ठेवल्यामुळे २०२४ च्या निवडणुकीत ते लागू झाले नाही. पण पक्षांना कोणी अडवले होते?

आपल्याकडे उलेमांनी मताला शहादत, शिफारस आणि वकालत म्हटले आहे. मत देणारा साक्ष देतो की हा माणूस लायक आहे, त्याची शिफारस करतो आणि त्याला आपला वकील नेमतो. कोर्टात वकील लावला तर तारखेला काय झाले हे आपण फोन करून विचारतो. मग पाच वर्षांसाठी नेमलेल्या वकिलाला एकदाही विचारायचे नाही, हे कसे?

विचारणे अवघड नाही. चर्चेचे वृत्तांत, प्रश्न आणि मतविभागणीच्या नोंदी संसदेच्या संकेतस्थळावर असतात. घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एका सुटीच्या दिवशी एवढे काम सांगावे: आपल्या खासदाराने शिक्षण, वक्फ, आरक्षण, महागाई यांवर कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकाला बाजूने मत दिले, कोणत्या दिवशी ते हजर नव्हते. ते एका वहीत लिहावे. वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले. त्या दोन आकड्यांपैकी कोणत्या आकड्यात आपला खासदार होता, हे आपल्या मोहल्ल्यात किती जण न अडखळता सांगतील? जलील तेव्हा सभागृहात नव्हते. २०२४ मध्ये ते हरले, आणि महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार निवडून आला नाही. म्हणजे आता आपला वकील आपल्या समाजाचा असेलच असे नाही. तेव्हा तर नोंद वाचण्याची गरज अधिक आहे. नावावरून आणि नात्यावरून विश्वास ठेवण्याची सोय उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला वर्गासमोर बोलावले. दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या आणि विचारले, "तू तिथे असतीस तर काय केले असतेस?" तिने बराच वेळ फळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी आधी बाजूने मत दिले असते. आणि मग रोज उठून विचारले असते, आमचा वाटा कुठे आहे म्हणून." शेजारची लगेच म्हणाली, "मी नसते दिले. एकदा मत दिले की मग कोण ऐकतो?"

घंटा झाली तरी दोघी भांडत होत्या. आम्ही त्यांना थांबवले नाही.