जवळचंच पाहणारे काजवे

मृगाआधी भंडारदऱ्याला काजवे पाहायला गर्दी उसळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत देबाशीष घोष आणि के. एन. कृष्णानंद यांनी काजव्यांना वेगळ्याच कामाला जुंपलं. २००५ मध्ये त्यांनी मांडलेल्या गणिती पद्धतीचं नाव ‘ग्लोवर्म स्वार्म ऑप्टिमायझेशन’.

समजा, कारखान्यात एकाच वेळी तीन ठिकाणी वायुगळती झाली. शोधाला सोडलेल्या यंत्रमानवांना सगळ्यांची खबर सगळीकडून मिळत असेल, तर जिथे वास सर्वांत उग्र तिथेच सगळे धावतील. उरलेल्या दोन गळती तशाच राहतील!

म्हणून या पद्धतीतल्या काजव्यांना दूरचं दाखवायचंच नाही. संगणकातल्या प्रत्येक काजव्याकडे ‘ल्युसिफेरिन’ नावाचा एक आकडा असतो. खऱ्या काजव्याला चमकवणाऱ्या रसायनाचं हे नाव. दर पावलाला जुनी चमक थोडी विझते आणि उभ्या जागी वास जितका तीव्र, तितकी नवी चमक मिळते. मग काजवा आपल्या टप्प्यातले, स्वतःहून तेजस्वी शेजारी पाहतो, त्यांतला एक निवडतो आणि त्याच्या दिशेने छोटंसं पाऊल टाकतो. निवड थोडी नशिबावर, पण जास्त तेजस्वी शेजाऱ्याला संधी जास्त. टप्प्यात आपल्याहून तेजस्वी कुणीच नसेल, तर तो जागचा हलत नाही. खरी गंमत टप्प्याची आहे. शेजारी कमी असले की नजरेचा टप्पा वाढतो, गर्दी झाली की आखडतो. त्यामुळे थवा आपोआप फुटतो आणि एकेक टोळी एकेका गळतीपाशी जमते. नकाशा कुणाकडेच नसतो, म्होरक्याही नसतो. पुढे चाकांचे छोटे यंत्रमानव बनवून ही पद्धत प्रत्यक्षातही तपासली गेली.

खऱ्या काजव्यांना यातलं काही करायचं नसतं. ते चमकतात जोडीदारासाठी. संशोधकांनी उसनी घेतली ती फक्त चमक.

जिवंत प्राण्यांच्या थव्याचा हिशेबही याच संस्थेत झाला. विश्वेश गुट्टल आणि सहकाऱ्यांनी कोकणात कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणून ताटात येणारा मासा टाकीत सोडला. १५, ३० आणि ६० माशांचे थवे करून त्यांच्या हालचाली टिपल्या. २०२० मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आलेला निष्कर्ष चक्रावणारा होता: थवा जितका लहान, तितकी त्याची दिशा अधिक एकसारखी. हा मासाही एका वेळी एकाच सोबत्याची दिशा उचलतो आणि अधूनमधून मनाला येईल तसा वळतो. साठांच्या थव्यात अशा नकला एकमेकींना पुसून टाकतात; पंधरांच्या थव्यात मात्र योगायोगाने जुळलेली दिशा बघता बघता सगळ्यांची होते.