लस नाही, औषध नाही, तरी नारू हटतो आहे

आजच्या तरुण डॉक्टरांनी नारूचा रुग्ण पाहिलेला नसतो. खेड्यात वाढलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना मात्र पायातून निघणाऱ्या त्या पांढऱ्या, दोऱ्यासारख्या जंताची आठवण असते. १९८६ साली आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२४ साली साऱ्या जगात तो १५ जणांना झाला. देवीचा रोग लसीने हटवला. नारूवर लस नाही, शरीरातला जंत मारणारं औषध नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो असंही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा होऊ शकतो. मग हे घडलं कसं? त्यासाठी नारूचं एक वर्ष नीट पाहावं लागतं.

तळ्यात किंवा उघड्या विहिरीत सायक्लॉप्स नावाचे बारीक पाणकिडे असतात, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे. नारूच्या अळ्या खाल्लेला सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की जठररसात तो मरतो आणि अळ्या मोकळ्या होतात. आतड्याची भिंत भेदून त्या शरीरात शिरतात, वाढतात, नर-मादीचा संयोग होतो. नर मरून जातो. मादी मात्र वाढत राहते, पार दोन-तीन फुटांपर्यंत. या साऱ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. शेतात राबतो, लग्नकार्याला जातो, आणि आपल्या अंगात काय चाललं आहे याचा त्याला पत्ता नसतो.

साधारण वर्षाने मादी कातडीखाली येते, बहुतेक वेळा घोट्याजवळ किंवा पोटरीत. तिथे फोड येतो आणि अशी आग होते की माणूस पाय गार पाण्यात घालतो. नारूला नेमकं तेच हवं असतं. पाणी लागताच फोड फुटतो आणि मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या खातात, दोनेक आठवड्यांत त्या अळ्या माणसात शिरायला तयार होतात, आणि कुणीतरी त्याच पाण्याची घागर भरून घरी नेतं.

बाहेर आलेला जंत हिसडून काढता येत नाही. तुटला तर उरलेला भाग आत सडतो, सूज आणि पू होतो. म्हणून तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बाहेर काढायचा. हजारो वर्षांचा हा उपाय आजही तोच आहे, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर जमिनीवर पाऊल टेकवत नाही. पेरणी किंवा कापणीच्या दिवसांत घरातली दोन-तीन माणसं एकदम खाटेला खिळली तर त्या घराचं वर्ष बुडतं. नारूने माणूस क्वचितच मरतो, पण गावाला तो गरीब करून सोडतो. माझ्या मते या रोगाकडे जगाने इतका काळ दुर्लक्ष केलं त्याचं कारण हेच. मृत्यूच्या आकड्यांत तो दिसतच नव्हता.

सायक्लॉप्सचा हा दुवा रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात शोधला. तेव्हापासून साखळी कुठे तोडायची हे माहीत होतं. पिण्याचं पाणी दाट विणीच्या कापडातून गाळलं की सायक्लॉप्स कापडावर राहतात. फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही की अळ्यांना पाणी मिळत नाही. यातली कोणतीही एक गोष्ट प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी पाळली गेली तर वर्षभरात साखळी तुटते. अवघड आहे ते ‘प्रत्येक’ साधणं.

भारताने राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू केला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता आणि १९८४ साली सुमारे चाळीस हजार रुग्ण सापडले. आपल्याकडे खरी अडचण बारवांची होती. बारवेत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जातो, पाय बुडवून घागर भरतो. आडात तसं होत नाही. पाणी वरून शेंदावं लागतं. म्हणून कुठे पायऱ्या बंद करून बारवेतलं पाणी शेंदण्याची सोय केली, कुठे हातपंप बसवले. सायक्लॉप्स मारायला पाण्यात टेमेफॉस टाकलं, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी टाक्यांत जे ‘अबेट’ टाकतात तेच. घरोघर फिरून रुग्ण शोधले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आफ्रिकेत काम याहून कठीण होतं. तिथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने १९८६ पासून हे काम अंगावर घेतलं. मोहिमेची आखणी डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांची. पद्धत साधी, पण काटेकोर. प्रत्येक गावात गावचाच एक स्वयंसेवक नेमायचा. कुणाच्या पायाला फोड दिसला की चोवीस तासांच्या आत त्याला गाठायचं, पट्टी बांधायची, पाण्यापासून दूर ठेवायचं. घरोघर नायलॉनच्या बारीक जाळीची कापडं द्यायची. गुराख्यांना आणि भटक्या लोकांना गळ्यात अडकवता येईल अशी जाळी बसवलेली नळी द्यायची. वाटेत तहान लागली तर तिच्यातून ओढून प्यायचं.

सुदानात यादवी चालू होती, त्यामुळे गावांपर्यंत पोचताच येईना. १९९५ साली कार्टर यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रं खाली ठेवायला राजी केलं आणि जवळजवळ सहा महिने टिकलेल्या त्या शस्त्रसंधीत कार्यकर्ते गाळण्याची कापडं घेऊन आत शिरले. नायजेरियात माजी लष्करी शासक याकुबू गोवोन स्वतः खेडोपाडी हिंडले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे साडेसहा लाखांवर रुग्ण होते. शेवटचा २००८ साली नोंदला गेला. सत्ता भोगून झालेल्या माणसाने पाणी गाळायला सांगत गावोगाव फिरावं, याचं मला फार मोल वाटतं.

आता अडलं आहे ते चाडमध्ये. दहा वर्षं तिथे एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० साली नारू पुन्हा दिसला, आणि पाठोपाठ कुत्र्यांतही तोच जंत मोठ्या संख्येने सापडू लागला. नदीकाठी मासे साफ करताना फेकलेली आतडी कुत्री खातात, त्यातून अळ्या पोटात जात असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून आतडी पुरायला सांगतात आणि जंत बाहेर येईतो कुत्रं बांधून ठेवणाऱ्याला बक्षीस देतात. २०२४ मधल्या १५ रुग्णांपैकी ९ चाडचे होते, ६ दक्षिण सुदानचे. जगभरात बाधित प्राणी मात्र सहाशेहून अधिक.

त्याच वर्षी २९ डिसेंबरला, शंभर वर्षांचे होऊन, कार्टर गेले. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. एखाद्या देशाला नारूमुक्त म्हणायचं तर रुग्णांचा शोध सतत चालू ठेवून सलग तीन वर्षं शून्य दाखवावं लागतं. भारताने ते माणसांपुरतं दाखवलं. चाडला माणूस आणि कुत्रा, दोघांतही दाखवावं लागेल.