शालेय शिस्त (माध्यमिक शाळा)

शालेय शिस्त म्हणजे विद्यार्थ्यांनी शाळेत व वर्गात कसे वागावे याविषयीच्या अपेक्षा ठरविणे, त्या विद्यार्थ्यांना शिकविणे आणि त्यांचे पालन व उल्लंघन या दोन्हींची सातत्याने दखल घेणे, ही व्यवस्था होय. बोलीव्यवहारात 'शिस्त लावणे' हा शब्दप्रयोग बहुधा शिक्षा करणे या अर्थाने येतो. शिक्षणशास्त्रात मात्र शिक्षा हा शिस्तीचा एक लहान आणि पुष्कळदा सर्वांत निष्प्रभ भाग मानला जातो. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचा, म्हणजे पाचवीपासून किंवा आठवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांचा, विचार केला आहे. शारीरिक शिक्षेवर कायद्याने बंदी आल्यानंतर छडीची जागा कशाने भरून काढायची, हा या शाळांपुढील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील पंतोजींच्या गावठी शाळांत छडी हे अध्यापनाचे नेहमीचे साधन होते. अंगठे धरून ओणवे उभे करणे, उठाबशा काढायला लावणे, बाकावर उभे करणे या शिक्षा पुढे इंग्रजी अमदानीतील हायस्कुलांतही टिकून राहिल्या. हायस्कुलांनी त्यांत घंटा, वेळापत्रक, हजेरीपट, कवायत आणि गणवेश यांची भर घातली. आजच्या माध्यमिक शाळेतील सकाळचा परिपाठ याच घडणीतला आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार व दिनविशेष असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगू भाषेत लिहिली. पालक, गुरुजन व वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन तीत असल्यामुळे वर्तनाची एक अपेक्षा विद्यार्थी रोज उच्चारतात. मात्र वर्गात प्रत्यक्ष काय करावे, हे त्यातून कळत नाही.

छडीवाचून शिस्त राखण्याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण साने गुरुजींचे आहे. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवीत आणि मग मुलेच ओशाळून आपापली खोली नीट ठेवू लागत, अशा आठवणी त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. १९३० मध्ये त्यांनी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरण्यासाठी नोकरी सोडली. आदर्श शिक्षकाच्या भाषणांत हा दाखला हमखास येतो. तथापि छात्रालयातील मुले दिवसरात्र त्यांच्या सहवासात असत; दिवसाकाठी एकाच तासासाठी भरलेल्या वर्गासमोर जाणाऱ्या विषयशिक्षकाची परिस्थिती निराळी असते, हे त्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही.

कायदेशीर चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद २८ नुसार शालेय शिस्त बालकाच्या प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शालेय नियमावलीतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरविली. गोव्यात २००३ च्या बाल कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना देशभर मनाई केली. कलमाचा भंग करणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी हे नियम १९८१ चे आहेत. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

हा अधिनियम ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. त्यामुळे एकाच शाळेच्या एकाच इमारतीत आठवीचा विद्यार्थी कलम १७ च्या थेट संरक्षणाखाली, तर दहावीचा त्याबाहेर, अशी विसंगती निर्माण होते. याचा अर्थ नववी-दहावीत मारण्यास मोकळीक आहे असा नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मधील बालकाशी क्रूरपणे वागण्याचा गुन्हा १८ वर्षांखालील सर्वांच्या बाबतीत लागू होतो, आणि मारहाणीविषयीचा सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच.

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर मोठे होते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील पाहणीवर आधारित अहवालात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. पालकांचा कलही नेहमी बंदीच्या बाजूने नसतो. 'दोन लावा, पण शिकवा' असे शिक्षकांना सांगणारे पालक आजही भेटतात. उलट, आवाज चढविला तरी तक्रार होईल या धास्तीने काही शिक्षक गैरवर्तनाकडे काणाडोळा करतात. वर्गातील दुबळ्या, गप्प मुलांना दांडग्यांच्या स्वाधीन करणारी ही उदासीनता मुलांच्या दृष्टीने छडीइतकीच घातक ठरू शकते, परंतु तिची तक्रार कोणी करीत नाही.

अपेक्षा ठरविणे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांच्या चित्रफितींचा अभ्यास करून १९७० मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते या विषयातील आधारभूत मानले जातात. मुलगा चुकल्यावर शिक्षक कसा रागावतो यावरून यशस्वी व अयशस्वी शिक्षक ओळखता येत नाहीत, असे त्यांना आढळले. फरक होता तो चूक घडण्यापूर्वीच्या गोष्टींत. वर्गाच्या सर्व कोपऱ्यांत काय चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक असणे व ते मुलांना जाणवणे, एका वेळी दोन गोष्टी हाताळता येणे, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वर्गाला खोळंबा न होता नेता येणे, या त्या गोष्टी होत. कॅरोलिन एव्हर्टसन व एडमंड एमर यांनी १९८२ मध्ये पौगंडावस्थेतील मुलांच्या वर्गांविषयी केलेल्या अभ्यासातून वर्षारंभाचे महत्त्व पुढे आले. पहिल्या काही दिवसांतच नियम व कामाच्या रीती समजावून, करवून घेऊन पक्क्या करणाऱ्या शिक्षकांचे वर्ग पुढे वर्षभर सुरळीत चालतात, असा त्याचा आशय होता.

महाराष्ट्रात हे दिवस जून महिन्याच्या मध्यावर येतात. उन्हामुळे विदर्भातील शाळा त्यानंतर सुरू होतात. प्रत्यक्षात हा काळ पाठ्यपुस्तकांचे वाटप, तुकड्यांची फेररचना, गणवेशाची मापे आणि वेळापत्रकाची जुळवाजुळव यांत जातो. वर्ग बसला की थेट पहिला धडा सुरू होतो आणि अपेक्षा सांगावयाच्या राहून जातात. मग त्या ऑगस्टमध्ये, पहिल्या मोठ्या गोंधळानंतर, रागाच्या भरात सांगितल्या जातात.

उपयुक्त अपेक्षा संख्येने थोड्या, विधायक शब्दांत मांडलेल्या व डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीविषयी असतात. 'शिस्तीत राहा' ही अपेक्षा नव्हे, कारण ती पाळली गेली की नाही यावर वाद होऊ शकतो. 'शिक्षक येण्यापूर्वी मागच्या तासाची वही दप्तरात व पुढच्या विषयाची बाकावर' ही अपेक्षा आहे. कोणी बोलत असताना मध्ये न बोलणे, पाणी पिण्यास वा स्वच्छतागृहात जाण्यास परवानगी कशी मागावी, गृहपाठाच्या वह्या कोणी व केव्हा गोळा कराव्या, अशा साध्या बाबींच्या रीती ठरल्या की भांडणाचे बरेच प्रसंग मुळातच टळतात. नियमामागील कारण सांगणे किशोरवयात विशेष आवश्यक असते. नियम ठरविण्यात मुलांचा सहभाग असावा की नाही याविषयी मतभेद आहेत. मात्र जो नियम शिक्षक स्वतः पाळीत नाही, उदाहरणार्थ वर्गात भ्रमणध्वनी न वापरण्याचा, तो मुलेही फार दिवस पाळीत नाहीत.

माध्यमिक शाळेची खास अडचण अशी की, एका वर्गावर दिवसभरात अनेक शिक्षक येतात. गणिताच्या तासाला उभे राहून उत्तर देणे सक्तीचे, तर इतिहासाच्या तासाला ऐच्छिक, असे झाले की मुले शिक्षकागणिक वेगळी वागणूक शिकतात. म्हणून वर्गशिक्षक, विषयशिक्षक व पर्यवेक्षक यांनी निदान चारपाच अपेक्षा समान ठेवणे गरजेचे असते. सर्वांत कसोटीचा असतो तो 'ऑफ तास'. शिक्षक रजेवर असताना दुसऱ्याच शिक्षकाला त्या वर्गावर बसविले जाते; त्याच्याकडे त्या विषयाचे काम नसते आणि वर्गाशी ओळखही नसते. मधली सुट्टी व ऑफ तास या दोन वेळा सांभाळल्या गेल्या, तर कार्यालयात येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग कमी होतो, असा मुख्याध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव असतो.

तुकड्या आणि अपेक्षांचा परिणाम

वर्तनाविषयीच्या अपेक्षांपेक्षा मुलांच्या कुवतीविषयीच्या अपेक्षा अधिक खोलवर काम करतात. रॉबर्ट रोझेंथाल व लिनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना काही मुलांची नावे 'लवकरच चमकणारी' म्हणून दिली गेली होती. प्रत्यक्षात ती यादृच्छिकपणे निवडलेली होती. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतील अशा मुलांच्या बुद्धिमापनात इतरांपेक्षा अधिक वाढ दिसली. या प्रयोगातील मापनपद्धतीवर पुढे कठोर टीका झाली आणि परिणामाचे प्रमाण किती, यावर वाद राहिला.

मराठी शाळांत या प्रश्नाचे रूप ओळखीचे आहे. गुणांनुसार तुकड्या पाडण्याची प्रथा जेथे आहे, तेथे 'अ' तुकडीला अनुभवी शिक्षक व शेवटच्या तुकडीला 'ढ' हे बिरूद मिळते. शेवटच्या तुकडीतील मुलांकडून अभ्यासाची अपेक्षा नसते, केवळ गप्प बसण्याची असते. मुलेही शाळेच्या या अंदाजाला साजेसे वागू लागतात आणि त्यांच्या वर्तनाने तो अंदाज खरा ठरल्यासारखा वाटतो. अशा वर्गात शिस्तीचा प्रश्न सोडविण्यासाठी आधी तुकड्यांची रचनाच बदलावी लागते.

गैरवर्तनाची दखल

दखल घेण्याच्या पायऱ्या सौम्यतेकडून तीव्रतेकडे जाणाऱ्या असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. शिकवीत असतानाच मुलाच्या बाकाजवळ जाऊन उभे राहणे, नजर देणे, हळू आवाजात नाव घेणे, तास संपल्यावर एकट्याशी बोलणे, दैनंदिनीत पालकांसाठी नोंद करणे, आणि त्यानंतर पर्यवेक्षक वा मुख्याध्यापक, असा हा क्रम आहे. पहिल्याच दिवशी मुलाला मुख्याध्यापकांपुढे उभे करणाऱ्या शिक्षकाकडे दुसऱ्या दिवसासाठी काही उरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सोबत्यांसमोर मान खाली घालण्यापेक्षा शिक्षा पत्करणे सोपे वाटते. त्यामुळे चारचौघांतील उलटतपासणी बहुधा चिघळते, तेच बोलणे एकांतात निभावते.

रूडॉल्फ ड्राइकर्स यांनी शिक्षा व तर्कसंगत परिणाम यांत भेद केला आहे. बाकावर नाव कोरणाऱ्याने सुट्टीत ते बाक घासून साफ करणे हा परिणाम होय. त्यासाठी उठाबशा काढणे ही शिक्षा होय, कारण बाक आणि उठाबशा यांचा परस्परांशी संबंध नाही. एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावल्याने लेखन हीच शिक्षा असल्याची समजूत रुजते. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला उभे करणे अन्यायकारक आहे. वर्गाबाहेर काढलेला मुलगा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला त्या तासाची सर्वाधिक गरज असते. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कापण्याची धमकी परिणामकारक वाटते, पण तिच्यामुळे विषयाचे मूल्यमापन आणि वर्तनाचा हिशेब यांची गल्लत होते.

बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याची पद्धत मराठी शाळांत जुनी आहे. ली व मार्लिन कँटर यांच्या १९७६ मधील अमेरिकी पद्धतीतही फळ्यावर नाव व पुढील प्रत्येक चुकीस खूण असा प्रकार होता. फरक असा की तेथे नाव शिक्षक लिही. येथे ते काम मॉनिटरकडे असते. साहजिकच मित्रांची नावे गळतात, वैऱ्यांची आधी लागतात आणि पुढे मॉनिटरलाच शाळेबाहेर त्याचा हिशेब चुकवावा लागतो. वर्गप्रमुखाला वह्या, खडू, हजेरी यांची जबाबदारी देणे निराळे आणि पहाऱ्याची देणे निराळे.

वर्तनामागील कारणे

वारंवार तोच मुलगा, त्याच तासाला गडबड करीत असेल, तर कारण शोधणे क्रमप्राप्त ठरते. आठवीत येऊनही अस्खलित वाचता न येणारा विद्यार्थी वाचनाची पाळी आली की विनोद करतो, कारण हसू होण्यापेक्षा हसविणे त्याला परवडते. चष्म्याचा नंबर, ऐकण्यातील दोष, घरातील व्यसन वा भांडण, रात्रीचे काम ही कारणे वरवर पाहता बेशिस्तच दिसतात. उशिरा येणाऱ्यांना फाटकाबाहेर उभे करणाऱ्या ग्रामीण शाळांत पुष्कळदा शिक्षा होते ती उशिरा आलेल्या एस.टी.ची. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले दिवाळीच्या सुमारास वर्गातून नाहीशी होतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; त्यांच्या बाबतीत अनुपस्थितीचा नियम दाखविण्यापेक्षा सुटलेला अभ्यास भरून काढणे आणि गावातच मागे राहण्याची सोय पाहणे उपयोगी पडते. मुलाच्या वागण्यात अचानक बदल झाल्यास छळ वा लैंगिक अत्याचाराची शक्यता लक्षात घ्यावी लागते. त्यासाठी शाळेतील तक्रारपेटी व १०९८ हा बालमदत क्रमांक उपलब्ध आहेत. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

नोंदी

२०१० पासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात गुणांखेरीज विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक या शीर्षकांखाली वर्णनात्मक नोंदी अपेक्षित असतात. ही नोंद त्या मुलाचे निरीक्षण करून लिहिली, तर पुढील वर्षीच्या वर्गशिक्षकाला तिचा उपयोग होतो. व्यवहारात तयार वाक्यांच्या पुस्तिकांतून उतरविलेल्या नोंदींचे प्रमाण बरेच आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. पुढील प्रवेशात अडथळा नको म्हणून तेथे जवळजवळ सर्वांसाठी 'चांगली' हाच शब्द लिहिला जातो.