फोटोवर माऊस नेला की फोटो मोठा कसा होतो? समजून घ्या 'होव्हर इफेक्ट'

पाटणजवळच्या सडावाघापूरचा उलटा धबधबा अनेकांनी रीलमध्ये पाहिला असेल. पावसाळ्यात दरीतून येणारा जोरदार वारा पाणी पुन्हा वर उडवतो. समजा, पाटणमधल्या एखाद्या होमस्टेच्या वेबसाइटवर या धबधब्याचा फोटो आहे. त्यावर माऊस नेताच फोटो हळूच मोठा होतो आणि त्यावर माहिती उमटते. यालाच होव्हर इफेक्ट म्हणतात.

हे कसं घडतं?

वेबपेजचं रंगरूप ठरवते सीएसएस ही भाषा. 1998 मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत 'होव्हर' ही सोय मिळाली. माऊसचा बाण एखाद्या घटकावर असेपर्यंतच लागू होणारे नियम त्यात लिहिता येतात. त्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही.

फोटो मोठा करण्यासाठी 'ट्रान्सफॉर्म'मध्ये 'स्केल' 1.1 द्यायचं, म्हणजे फोटो 10 टक्के मोठा दिसतो. रुंदी वाढवली तर शेजारचा मजकूर सरकतो, 'स्केल'मुळे तो जागचा हलत नाही. फोटो चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून चौकटीला 'ओव्हरफ्लो हिडन' लावतात.

बदल झटक्यात न होता सावकाश व्हावा यासाठी 'ट्रान्झिशन' वापरतात. साधारण 0.3 सेकंद पुरेसे होतात. मात्र हा नियम फोटोच्या मूळ नियमांत लिहावा. फक्त होव्हरमध्ये लिहिला तर फोटो हळूच मोठा होतो, पण माऊस काढताच झटक्यात लहान होतो.

खरी अडचण मोबाईलवर

मोबाईलला माऊस नसतो. बोट स्क्रीनच्या वर धरलं तरी बहुतेक फोनना ते कळत नाही. काही फोनमध्ये टॅप केल्यावर इफेक्ट सुरू होतो आणि तसाच अडकून राहतो. आता विचार करा, 'धुकं असताना कड्याजवळ जाऊ नका' ही सूचना होव्हरमध्येच लपवली असेल, तर फोनवर रस्ता शोधत आलेल्या पर्यटकाला ती दिसणारच नाही.

मग काय करावं?

• सूचना, पत्ता आणि दर फोटोखाली कायम दिसू द्या.
• मीडिया क्वेरीत होव्हरची अट घाला, म्हणजे इफेक्ट माऊस असलेल्या उपकरणांवरच चालेल.
• कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी फोटोला लिंक द्या आणि हाच परिणाम 'फोकस'लाही लावा.

थोडक्यात, होव्हर सजावटीसाठी ठेवा. कामाची माहिती मात्र सगळ्यांना दिसेल अशीच लिहा.